गळती

बत्तीस वर्षं मी रस्त्याला कान लावला.
गंगावेशीत शेवटचं शटर पडलं की
लोखंडी सळीचं एक टोक डांबरावर,
दुसरं कानामागच्या हाडावर,
आणि श्वास धरून ऐकायचं
खाली कुठं कुजबुजतंय पाणी.

पाणी जिथं वर दिसतं, तिथं फुटलेलं नसतं.
हे तात्या साळोख्यांनी शिकवलं, एक कानफटात देऊन.
ओल पापाच्या तिकटीला,
आणि जोड सुटलेला चार दुकानं वर, चढाला.

आता मी उताणा. राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर.
अंगात बंडी, पण कापडाची नाही, टिकल्यांची.
छातीला, पाठीला, बगलेत,
अडीचशे टिकल्या, प्रत्येकीला वायरचं शेपूट.
बायको दारातून बघून म्हणाली,
"जन्मात मी एवढ्या लावल्या नाहीत."

मगदूम मॅडम म्हणाल्या, काका, आत काही घालायचं नाही.
सुई नाही, नळी नाही.
काळजाचा आकार स्कॅनमध्ये मिळालाय,
आता कातडीवर जे उमटेल त्यावरून
उलटं मागं जायचं,
जास्तीचा ठोका कुठनं निघतो तिथवर.
म्हणजे खड्डा न काढता, मी म्हटलं.
त्या हसल्या. त्यांना वाटलं, मला समजलं नाही.

माझा ठोका असा: दोन नीट,
तिसरा घाईनं, रांग मोडून घुसलेला,
मग काहीच नाही.
पाणी न सुटलेल्या दिवशीची तोटी.
आणि मग दणका,
साठलेलं सगळं एका लोंढ्यात.
दिवसाला वीस हजार, मशीन लावून मोजलेत.
आणि आज, टिकल्या चिकटवल्यावर,
एकही नाही.

अर्धा तास. पाऊण.
पडद्यावर शहाण्या पोरासारखी रेघ.
डावीकडं वळा, काका. उजवीकडं. खोका जरा.
मी म्हटलं, लाइन बंद असताना गळती गावत नाही, मॅडम.
प्रेशर यावं लागतं.
तेव्हा कुठं त्यांनी विचारलं, तुम्ही काय करत होता?

शिवाजी पेठेत एकदा चुकलो होतो मी.
दस्तगीर इस्त्रीवाल्याच्या दारात तीन खड्डे काढले,
चौथ्याला मुकादम नाही म्हणाला.
खाली बिडाची जुनी लाइन होती, कुठल्याच नकाशात नसलेली,
आवाज तिच्यातून फिरून येत होता.
दस्तगीर अजून मला बघून रस्ता बदलतो.
म्हणून विचारलं: तुमचं चुकतं का?
त्या थांबल्या. खोटं बोलल्या नाहीत.
"बोटाच्या पेराएवढं. कधी दोन पेरं.
मधल्या पडद्यात लपलेलं असलं तर जास्तच."
पेराएवढं!
आम्ही दोन घरं चुकलो तरी लोक चहा द्यायचे.

मग भिंतीत पाइप धडधडला.
वर कुणीतरी तोटी फटकन बंद केली असणार,
आवाज जिना उतरावा तसा खाली गेला.
सवयीनं मान तिकडं गेली.
अर्धा इंची, क्लॅम्प सैल.
"आला," मॅडम पुटपुटल्या. "परत आला. हलू नका."

पडद्यावर माझं काळीज, मुठीएवढं, राखी रंगाचं,
त्यावर एक तांबडा ठिपका
सगळ्यांच्या आधी जागा झालेला,
भोवती पिवळं, मग हिरवं,
पार पलीकडच्या भिंतीला निळं.
उजव्या कप्प्याच्या वरच्या अंगाला,
रक्त फुप्फुसाकडं निघतं त्या वळणावर.

वळणावरच. बघा तुम्ही,
जोड सरळ पाइपात क्वचित सुटतो.

पुढच्या गुरुवारी तो ठिपका जाळणार.
तेव्हा मात्र मांडीतून नळी.
एकच खड्डा, मॅडम म्हणाल्या, आणि या वेळी मी हसलो.
टिकल्यांबरोबर छातीवरचे केस निघाले.
शर्ट घालून मी आधी वरच्या मजल्यावर गेलो,
वॉर्डबॉयला दाखवला क्लॅम्प,
म्हटलं, आवळून घे बाबा, नाहीतर भिंत ओल धरेल.
त्यानं मान हलवली.
आवळणार नाही तो.